तुम्ही विचारलंत म्हणून: त्या जुन्या विलायती औषधांतलं एक तरी लागू पडायचं का?

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या पेटंट औषधांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "ती सगळी लबाडीच ना? की त्यातलं एखादं खरंच लागू पडायचं?" विचारणाऱ्याने त्या काळच्या जाहिराती पाहिलेल्या असतात. एकाच गोळीने डोकेदुखी, अपचन, यकृत, रक्तदोष आणि उदासपणा, सगळं बरं. तेव्हाचे लोक फार भोळे होते, असं त्याचं मत आधीच झालेलं असतं.

माझं उत्तर असं की, त्यातली बरीच औषधं लागू पडायची. काही तर अर्ध्या तासात. अडचण तिथूनच सुरू व्हायची. खोकल्याच्या औषधाने खोकला थांबायचा, कारण त्यात अफू होती. पोटाच्या गोळीने पोट साफ व्हायचं, कारण तिच्यात कडक रेचक होतं. गुण दिसला की माणूस पुन्हा घ्यायचा, शेजाऱ्याला सांगायचा, पोराला पाजायचा. बाटलीत काय आहे आणि किती आहे, हे मात्र घेणाऱ्याला ठाऊक नसायचं, आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही नसायचं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. या औषधांपैकी बहुतेकांवर पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर कृती सरकारदरबारी उघड करावी लागते, आणि या धंद्याचं भांडवल म्हणजे गुप्त कृती. संरक्षण असायचं ते नावाला आणि वेष्टनाला. त्यावर चिकटवलेला असायचा सरकारी स्टॅम्प. १७८३ पासून इंग्लंडात अशा औषधांवर कर होता. शिलिंगचे १२ पेन्स हे धरून, एक शिलिंगपर्यंतच्या मालावर दीड पेनी, अडीच शिलिंगपर्यंत ३ पेन्स, ४ शिलिंगपर्यंत ६ पेन्स. म्हणून जुन्या जाहिरातींत १ शिलिंग दीड पेनी, २ शिलिंग ९ पेन्स, ४ शिलिंग ६ पेन्स अशा विचित्र किमती दिसतात. मूळ किंमत अधिक कर. गिऱ्हाईक मात्र तो कागदाचा तुकडा पाहून समजायचं की सरकारने औषध तपासलंय. पुढे स्टॅम्पवरच छापावं लागलं की ही सरकारी हमी नव्हे. ते कोण वाचतो!

आता प्रत्यक्ष मालाकडे. थॉमस बीचम यांच्या गोळ्या घ्या. सेंट हेलेन्स या गावी त्यांचा मोठा कारखाना होता आणि "डबी एका गिनीच्या मोलाची" ही त्यांची घोषणा होती. गिनी म्हणजे २१ शिलिंग. डबी मिळायची १ शिलिंग दीड पेनीला, आत ५६ गोळ्या. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली अशा गुप्त औषधांची पृथक्करणं एकत्र छापली, तेव्हा बीचमच्या एका गोळीत सापडलं ते एवढंच: अर्धा ग्रेन काळा बोळ, अर्ध्या ग्रेनहून किंचित जास्त सुंठ आणि थोडा साबण. (ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. कंपनी सरकारने १८३३ पासून तोळा १८० ग्रेनचा ठरवला, त्यावरून अंदाज करा.) ५६ गोळ्यांच्या मालाचा खर्च त्यांनी काढला अर्धा फार्दिंग. पेनीचे चार फार्दिंग, म्हणजे विक्रीची किंमत खर्चाच्या १०८ पट.

पण गोळी वाईट बांधलेली नव्हती. काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा आटवलेला रस, मोठ्या आतड्यावर काम करतो, त्यामुळे परिणाम आठ-बारा तासांनी दिसतो. रात्री घेऊन झोपलं की सकाळी काम फत्ते. नुसत्या बोळाने मुरडा येतो, म्हणून सुंठ. साबण गोळी बांधतो आणि पोटात ती विरघळायला मदत करतो. त्या काळच्या हाताने केलेल्या गोळ्यांचं मोठं दुखणं न विरघळणं हेच होतं. औषध खलात घोटून त्याचा कणकेसारखा गोळा करायचा, लांब वळकटी करायची, पितळी खाचांच्या पाटावर कापायची, गोल करायची आणि चिकटू नयेत म्हणून जेठीमधाच्या पुडीत घोळवायची. गोंद जास्त झाला, किंवा गोळ्या महिनोन् महिने डबीत वाळल्या, की त्या दगडासारख्या व्हायच्या आणि जशाच्या तशा शरीराबाहेर पडायच्या. साबणाने ते टळायचं. चुकायचं ते वापरात: रोज रेचक घेतलं की आतडं आपणहून हलेनासं होतं, बद्धकोष्ठ वाढतं, आणि गोळी सुटत नाही. विकणाऱ्याच्या दृष्टीने याहून चांगलं गिऱ्हाईक नाही.

थॉमस हॉलोवे यांच्या गोळ्याही याच जातीच्या. त्यांचा खरा माल जाहिरात होता. आयुष्याच्या अखेरीस वर्षाला सुमारे ५०,००० पौंड ते जाहिरातींवर घालत. गोळ्यांच्या कमाईतून लंडनजवळ मुलींचं कॉलेज उभं राहिलं आणि १८८६ मध्ये त्याचं उद्‌घाटन खुद्द राणीने केलं. बोळ-सुंठेतून एवढं निघालं!

जेम्स मॉरिसन यांचं प्रकरण जास्त गंभीर. त्यांच्या 'व्हेजिटेबल' गोळ्यांत काळा बोळ, कडू इंद्रावण आणि गांबोज नावाचा जहाल रेचक डिंक असे. सगळं वनस्पतीजन्य, म्हणून निरुपद्रवी, हा प्रचार. (तो आजही बंद झालेला नाही.) त्यांचा सिद्धांत असा की रोग रक्तातल्या मळाने होतो, तेव्हा मळ निघेपर्यंत गोळ्या वाढवत न्या. दिवसाला वीस-तीस गोळ्या खाणारे लोक होते. जुलाबाने गळून गेलेल्या रोग्याला उपाय काय, तर आणखी गोळ्या. राणी गादीवर येण्याच्या आदल्याच वर्षी, १८३६ मध्ये, त्यांच्या लंडनच्या एका विक्रेत्याला अशाच मृत्यूबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं. खप चालूच राहिला.

आता अफू. लोकांना याबद्दल ऐकायचं असतं, आणि खरं नुकसानही इथंच झालं. लॉडनम म्हणजे अफूचा दारूतला अर्क. ब्रिटिश औषधसंहितेप्रमाणे (औषधांच्या प्रमाणित कृतींचा अधिकृत ग्रंथ) दीड औंस अफू एक पाइंट स्पिरिटमध्ये, म्हणजे साधारण साडेचौदा मिनिमांत (मिनिम हे द्रवाचं बारीक माप) एक ग्रेन अफू. एक फ्लुइड ड्रामचे मिनिम ६०, औंसाचे ड्राम ८. ही झाली दुकानातली मापं. घरात मोजायचे थेंबांनी, आणि तिथे घोटाळा व्हायचा. पाण्याचा एक थेंब साधारण एक मिनिम धरत. लॉडनमचे थेंब बारीक पडतात, एका मिनिमला सुमारे दोन. वैद्याने "१० मिनिम" लिहावं आणि घरच्यांनी दहा थेंब द्यावेत, तर औषध निम्मंच जायचं; पण थेंबांची सवय झालेल्याने एखाद्या दिवशी मापाच्या पेल्याने तेवढेच मिनिम दिले, की दुप्पट. बूच सैल असेल तर स्पिरिट उडून जायचं आणि उरलेला अर्क दिवसेंदिवस जहाल व्हायचा. चमच्याचंही तेच. पुस्तकात चहाचा चमचा म्हणजे एक ड्राम, सुमारे साडेतीन मिलिलिटर. घरातल्या चमच्यात पाच मिलिलिटर सहज मावायचं.

मोठ्या माणसाला हा फरक पचायचा. तान्ह्या मुलाला नाही. दोन-तीन थेंब लॉडनमने अर्भक दगावल्याच्या नोंदी त्या काळच्या न्यायवैद्यकात आहेत. आणि मुलांसाठी म्हणूनच विकलं जाणारं औषध होतं गॉडफ्रेज कॉर्डिअल: अफूचा अर्क, काकवी, पाणी आणि वासाला सॅसाफ्रासचं तेल. प्रत्येक औषधवाला आपापल्या कृतीने ते बनवायचा, त्यामुळे एका दुकानातलं दुसऱ्याच्या कित्येक पट कडक असायचं. आईने दुकान बदललं, चमचा तोच ठेवला, की संकट. दुसरा धोका बाटलीतच होता. दाट काकवीत अफूचा गाळ हळूहळू तळाशी बसायचा. वरचे डोस सौम्य, पोर रडायचं थांबत नाही म्हणून मात्रा वाढवलेली, आणि बाटली संपत आली की त्याच वाढलेल्या मात्रेत तळचा गाळ. 'नीट हलवून घ्या' ही ओळ औषधांवर फुकट आलेली नाही.

अफूने मरणारी सगळी मुलं एका डोसाने मरत नसत. अफू दिलेलं मूल झोपतं, त्याला भूक लागत नाही, ते अंगावर प्यायला उठत नाही. आठवड्यांनी वाळत जातं. मृत्यूच्या नोंदीत 'अशक्तपणा' किंवा 'आकडी' लिहिलं जायचं, अफूचं नाव यायचं नाही. मँचेस्टर, नॉटिंगहॅम अशा गिरण्यांच्या गावांत आई पहाटे कामावर जायची, मूल सांभाळणारी बाई एकटीने पाच-सहा पोरं बघायची, आणि गॉडफ्रेज कामाला यायचं. मुंबईच्या गिरणगावात पुढे अफूची बाळगोळी याच कारणाने चालली. तिथल्या आयांना दोष देणारे पुष्कळ झाले. गिरणीतल्या कामाच्या वेळा ठरवणाऱ्यांना फारसं कोणी विचारलं नाही.

हिंदुस्थानशी सरळ नातं असलेलं अफूचं औषध म्हणजे क्लोरोडाइन. जॉन कॉलिस ब्राउन हे लष्करी डॉक्टर इथे नोकरीला होते. १८४८ च्या सुमारास त्यांनी कॉलऱ्यावर म्हणून हे मिश्रण जुळवलं, आणि १८५६ पासून लंडनच्या डेव्हनपोर्ट यांनी ते विकायला घेतलं. आत अफूचं सत्त्व मॉर्फीन, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क. जुलाब झटकन थांबायचे, कळ शमायची, झोप लागायची. पण कॉलऱ्यात माणूस मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्याने. अफू आतड्याची हालचाल थांबवते, गेलेलं पाणी परत आणत नाही. साध्या हगवणीला मात्र खरोखर उतार पडायचा, म्हणून इथल्या साहेबांच्या बंगल्यांत आणि प्रवासी पेट्यांत ती बाटली असायचीच. खप पाहून नकला निघाल्या, खरं क्लोरोडाइन कोणाचं यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १८८५ च्या औषधसंहितेने स्वतःचंच क्लोरोफॉर्म-मॉर्फीनचं मिश्रण दिलं, जेणेकरून डॉक्टरांना निदान मात्रा ठाऊक असलेलं काहीतरी लिहून देता यावं. क्लोरोफॉर्म पाण्याहून दीडपट जड. मिश्रण नीट जमलं नाही की तो तळाशी जातो, आणि मग गॉडफ्रेजचीच कथा.

घरगुती उपायांकडे वळलो की लोक सुटकेचा श्वास टाकतात. आजीबाईचा बटवा म्हणजे सुरक्षित, असं गृहीत असतं. इंग्लंडातल्या खात्यापित्या घराच्या औषधपेटीत सोनामुखी, एप्सम सॉल्ट (आपलं विलायती मीठ), नवसागर, सोरा, टर्पेंटाइन यांच्या शेजारी कॅलोमेल (पाऱ्याची पांढरी रेचक भुकटी) आणि लॉडनम बसलेलं असायचं. सगळ्यात रूढ जोडी होती 'रात्री निळी गोळी, सकाळी काळा काढा'. निळी गोळी म्हणजे दोन भाग पारा, तीन भाग गुलाबपाकळ्यांचा साखरेतला मुरंबा (आपल्या गुलकंदाचा भाऊ) आणि एक भाग जेठीमधाची पूड. पाऱ्याचे कण डोळ्यांना दिसेनासे होईपर्यंत घोटायचं. घोटणं अर्धवट राहिलं तर पारा थेंबाथेंबाने तसाच बाहेर जायचा आणि गोळी वाया जायची. नीट घोटली तर कण बारीक होऊन अंगात शिरायचे, म्हणजे कारागीर जितका चांगला तितकी गोळी घातक. पाच ग्रेनच्या गोळीत एक तृतीयांश पारा. आठवड्यातून दोनदा घेणाऱ्याच्या हिरड्या सुजायच्या, तोंडाला लाळ सुटायची, दात हलायचे. डॉक्टर लाळ सुटली की औषध लागू पडलं म्हणायचे! पेटंट औषधांना हसताना हे विसरू नये की पदवीधर डॉक्टरांच्या पेटीतही तेच होतं, फी वेगळी.

काळा काढा त्या मानाने साधा. एक औंस सोनामुखीची पानं आणि ३० ग्रेन ठेचलेली सुंठ, वर १० औंस उकळतं पाणी ओतून झाकण ठेवायचं, तासाने गाळायचं. चुलीवर उकळायचं नाही. उकळलेल्या सोनामुखीने मुरडा जास्त येतो असा अनुभव. मग त्यात एप्सम सॉल्ट विरघळवायचं. दोन-तीन दिवसांत आंबतो, म्हणून ताजाच करायचा.

घरगुती उपायांतला माझ्या मते खरोखर शहाणा उपाय म्हणजे पोटीस. जवसाच्या पोटिसाला ४ औंस जवसाचं पीठ आणि १० औंस उकळतं पाणी. भांडं आधी गरम पाण्याने तापवून घ्यायचं, नाहीतर लेप होईपर्यंतच निवतो. पाण्यात पीठ भराभर ढवळत सोडायचं. पिठावर पाणी ओतलं की गाठी. फलाटीनवर अर्धा इंच जाड पसरायचं, वर तेलाचा हात फिरवायचा म्हणजे कातडीला चिकटत नाही, आणि लावण्याआधी स्वतःच्या गालाला लावून पाहायचं. दोन-तीन तासांनी बदलायचं. गळू पिकायला आणि छातीचं दुखणं हलकं करायला ऊब पुरते.

मोहरीच्या पोटिसात लोक नेमकं उलटं करतात. मोहरीचा झणझणीतपणा दाण्यात तयार नसतो. पूड ओली झाली की तिच्यातल्या एका पाचकद्रव्याने तो तयार होतो. उकळतं पाणी किंवा व्हिनेगर घातलं की ते द्रव्य मरतं, आणि लेप नुसता पिवळा चिखल. म्हणून अडीच औंस मोहरीची पूड कोमट पाण्यात कालवायची, अडीच औंस जवस वेगळं गरम पाण्यात, मग दोन्ही एक करायचं. दहा ते वीस मिनिटं, कातडी लाल होईपर्यंत, बस्स. झोपलेल्या किंवा बेशुद्ध रोग्याला लावून विसरलं की फोड येतात, आणि ते फोड भाजल्यासारखेच चिघळतात.

काही गोष्टी त्या काळातून सरळ आपल्या घरांत आल्या. न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉस्ली ईनो यांचं 'फ्रूट सॉल्ट' म्हणजे खाण्याचा सोडा आणि फळांतली आम्लं, कोरडी एकत्र. पाण्यात पडली की फसफसतात. बाटलीत दमट हवा गेली की ही क्रिया आतच उरकते आणि उरते ती निर्जीव ढेकळं. मुंबईच्या पावसाळ्यात याचा अनुभव सगळ्यांना आहे. नॉटिंगहॅमचे विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये ग्राइप वॉटर काढलं: शेपाचं तेल, सोडा, साखर, पाणी आणि थोडं अल्कोहोल. शेपा आपल्या बाळंतिणीला नवा नव्हताच. अल्कोहोलचं तेवढं नवं. मुंबईत १८९३ मध्ये काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी अमृतांजन सुरू केलं ते याच साच्यात: लहान बाटली, ठळक नाव, भरपूर जाहिरात.

आणि कार्बोलिक स्मोक बॉल! रबरी चेंडूत कार्बोलिक आम्लाची भुकटी, त्याला नळी. नळी नाकात धरून चेंडू दाबायचा, भुकटी आत, शिंका बाहेर. किंमत १० शिलिंग. दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर १०० पौंड देऊ, आणि खात्रीसाठी १००० पौंड बँकेत ठेवलेत, अशी जाहिरात. लुइझा कार्लिल बाईंनी नोव्हेंबर १८९१ पासून सांगितल्याबरहुकूम वापरला आणि जानेवारी १८९२ मध्ये त्यांना फ्लू झाला. कंपनी म्हणाली, ती जाहिरातीतली फुशारकी. न्यायालय म्हणालं, पैसे द्या. आपल्याकडे कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी करारांच्या तासाला हा खटला शिकतो.

मग हे सगळं थांबवलं कोणी? हळूहळू, आणि नाखुशीने. ब्रिटनमध्ये १८६८ च्या कायद्याने अफू दुकानदारांकडून काढून नोंदणीकृत औषधविक्रेत्यांकडे दिली आणि 'विष' हे लेबल लावलं, पण पेटंट औषधांना सूट ठेवली. म्हणजे लॉडनमवर विष लिहायचं आणि क्लोरोडाइनवर नाही. १८९२ मध्ये डेव्हनपोर्ट यांच्यावरच्या खटल्यात ही पळवाट बुजली. संसदेच्या समितीने दोन वर्षं साक्षी घेऊन सडेतोड अहवाल दिला, तो निघाला ४ ऑगस्ट १९१४ ला, नेमका ब्रिटन महायुद्धात उतरला त्या दिवशी. कोणी पाहिला नाही. बाटलीवर घटक छापणं ब्रिटनमध्ये सक्तीचं झालं १९४१ मध्ये, आणि त्याच वेळी तो जुना स्टॅम्पही गेला. अमेरिकेने निदान अफू, मॉर्फीन आणि अल्कोहोल लेबलवर लिहायला १९०६ मध्येच लावलं होतं.

शेवटी, चोरबाजारात किंवा जुन्या वाड्याच्या फडताळात अशी बाटली मिळाली तर काय, हेही विचारलं जातं. रिकामी असेल तर काचेवर उठवलेलं नाव वाचा. निळ्या किंवा हिरव्या काचेला उभ्या धारा असतील तर ती विषाची: अंधारात हाताला कळावं म्हणून. भरलेली असेल तर बूच उघडू नका, वास घेऊ नका, आणि मोरीत तर मुळीच ओतू नका. करड्या-निळ्या गोळ्या किंवा जड पांढरी भुकटी दिसली तर पारा धरून चाला. डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.